वरच्या फळीवरचे म्हातारे

आमच्या संशोधन संस्थेत तीनशे बारा पांढरे उंदीर होते आणि त्या सगळ्यांची रोज सकाळी सव्वासातला हजेरी व्हायची. खोटं वाटेल, पण खरंच व्हायची. हजेरी घेणारे गृहस्थ अंगाने काडी, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या, आणि चालणं असं ताठ की अख्खी संस्था त्यांना हवालदार म्हणायची. हुद्दा कागदावर ‘प्राणिगृह मदतनीस’ असा होता, तो पगाराच्या चिठ्ठीपलीकडे कुणी वाचला नाही. मी तोंडावर त्यांना काका म्हणायचे. ते मला ताई म्हणायचे आणि माझ्या माघारी आणखी काहीतरी म्हणत असणारच. मी विचारलं नाही, कारण माझ्या जिभेला हाड नाही हे मला माहीत आहे.

उंदरांच्या खोलीत शिरायचं म्हणजे सोपस्कार फार. चपला बाहेर, रबरी बूट आत, निळा झगा, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. आत सहा लोखंडी रॅक, प्रत्येक रॅकला पाच फळ्या, प्रत्येक फळीवर सहा पारदर्शक पिंजरे. पिंजऱ्यात लाकडाचा भुसा, वर तारेचं झाकण, झाकणात खाद्याच्या गोळ्या आणि उलटी लावलेली पाण्याची बाटली. छताला ट्यूबलाइटच्या रांगा. त्या सकाळी सातला आपोआप लागत आणि संध्याकाळी सातला आपोआप जात. हवालदार एकेक पिंजरा पुढे ओढायचे, झाकण उचलायचे आणि शेपट्या बघायचे. शेपटीवर काळ्या मार्करने कडी काढलेली असत. बारीक कडं म्हणजे एक, जाड कडं म्हणजे पाच. शाई आठवड्यात पुसट होते, म्हणून दर शनिवारी तीनशे बारा शेपट्या पुन्हा रंगवायच्या. हे काम ते बावीस वर्षं करत होते, आणि त्यासाठी त्यांच्याकडे जाड पुठ्ठ्याच्या वह्या होत्या. कुठला उंदीर कुठल्या रॅकवर, कुठल्या फळीवर, कुणाचा कान फाटका, कुणाचा दात वाकडा, सगळं त्यात. शेजारच्या खोलीतल्या सशांच्या माणसाने एकदा त्यांना विचारलं होतं की उंदरांची जन्मपत्रिकाही मांडता का. हवालदारांनी त्याला जन्मतारीख, वेळ आणि आईचा नंबर काढून दाखवला.

आता माझं सांगते. माझ्या प्रबंधाचा विषय होता उंदरांचं म्हातारपण. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप धाडते तो रसायनाच्या हाती. डोपामिन हा एक निरोप्या, त्याच्यावर हालचाल आणि उमेद चालते. ॲसिटिलकोलिन हा दुसरा, त्याच्यावाचून नवी गोष्ट लक्षात राहत नाही. सेरोटोनिन तिसरा, आणि अशी बरीच मंडळी आहेत. वय वाढलं की हे निरोपे कमी होतात, आणि निरोप घेणारी दारंही कमी होतात. पण सगळीकडे सारखी नाहीत. मेंदूचा एक भाग पार सुकतो तर शेजारचा खुशाल ठणठणीत राहतो. उंदराचं आयुष्य जेमतेम अडीच-तीन वर्षांचं, त्यामुळे हा सगळा प्रवास माणसाच्या डोळ्यांदेखत होतो. सहा महिन्यांचा उंदीर ऐन जवान, चोवीस महिन्यांचा पक्का आजोबा. या दोघांच्या मेंदूत काय किती उतरतं ते मी मोजत होते. मला त्या विषयाचं वेड होतं. लोक लग्नाचं विचारायचे आणि मी त्यांना डोपामिन सांगायचे.

मेंदू काढण्याआधी उंदराची स्मरणशक्ती तपासावी लागे. त्यासाठी एक मोठी गोल टाकी होती. पाण्यात दुधाची भुकटी कालवून ते पांढरं करायचं आणि त्याखाली बोटभर खोल एक छोटी चौकी लपवायची. भिंतींवर काळी फुली, त्रिकोण, पट्टे अशी चित्रं. उंदीर पोहतो, चित्रं बघून दिशा धरतो आणि कधीतरी चौकीवर चढतो. जवान उंदीर चार दिवसांत इतका तरबेज होतो की दहा सेकंदांत चौकी गाठतो. म्हाताऱ्याला वेळ लागायला हवा, आणि ज्याच्या मेंदूत ॲसिटिलकोलिन सगळ्यात कमी तो सगळ्यात ढ ठरायला हवा. आलेखावर एक तिरपी रेघ आली की माझी डॉक्टरकी पक्की. चार वर्षं मी त्या रेघेची वाट बघत होते.

रेघ आली नाही. माझे म्हातारे उंदीर चोवीस. पोहून सगळ्यांचं झालं होतं, त्यातल्या बारांचे मेंदू काढून मोजूनही झाले होते. अर्धे म्हातारे टाकीत असे पोहले की जवानांनी शिकवणी लावावी, आणि अर्धे साठ सेकंद नुसते काठाकाठाने फिरत राहिले. ठीक आहे, म्हटलं, फिरणाऱ्यांचे मेंदू सुकलेले असतील. तर तेही नाही. डोपामिन सगळ्यांचं उतरलेलं, ॲसिटिलकोलिन सगळ्यांचं उतरलेलं, हुशाराचंही आणि ढाचंही. आलेखावरचे ठिपके म्हणजे मूठभर शेंगदाणे फेकावेत तसे.

माझ्या मार्गदर्शक, ज्यांना आम्ही सगळे नुसतं बाई म्हणायचो, त्या आवाज कधी चढवत नसत. त्यामुळेच त्यांची भीती जास्त वाटायची. त्यांनी आलेख उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं की चौदा नंबरचं पोहणं आणि चौदा नंबरचा मेंदू एकाच उंदराचा होता याची खात्री आहे का. पोहणं आणि मेंदू काढणं यांत आठवडाभराचं अंतर असे. तेवढ्यात शेपटीवरचे नंबर इकडचे तिकडे झाले असतील, तर माझे ठिपके विस्कटणारच. मी म्हटलं, शेपट्या हवालदार रंगवतात. बाईंनी विचारलं, त्यांच्या हातून गफलत होऊ शकते?

‘‘होऊ शकते,’’ मी म्हणाले.

मी काही पाहिलं नव्हतं. मला काही माहीत नव्हतं. पण चार वर्षं पाण्यात गेली हे ऐकण्यापेक्षा दुसऱ्याच्या हातून चुकलं हे ऐकणं गोड होतं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. बाईंनी हवालदारांना बोलावून शांतपणे सांगितलं की नंबरांची खात्री देता येत नसेल तर सोमवारी पत्र निघेल, त्यांची बदली काचसामानाच्या स्टोअरमध्ये होईल आणि खोली दुसऱ्याच्या ताब्यात जाईल. बीकर आणि परीक्षानळ्या मोजणं. बावीस वर्षांनंतर. हवालदार ‘बरं’ म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. झगा धुतलेला, मिशा विंचरलेल्या.

‘‘ताई, तुम्ही म्हणालात ना?’’

मी हो म्हणाले. खोटं बोलायचं धाडसही झालं नाही.

‘‘मग एक करा. बारा म्हातारे अजून जिवंत आहेत. त्यांच्या शेपट्या स्पिरिटने पुसा. मला बाहेर उभं करा, वेगवेगळ्या खोक्यांत घाला, वाटेल तसे मांडा. मी नंबर सांगतो. एक जरी चुकला तरी पत्राची वाट बघत नाही, आपल्या पायांनी स्टोअरात जातो.’’

मी त्यांना म्हटलं, काका, शेपटीशिवाय कसं ओळखणार, सगळे एकसारखे पांढरे. ते म्हणाले, तुम्हाला. आणि गेले.

शुक्रवारी दहा वाजता परीक्षा झाली. परीक्षा त्यांची होती आणि घाम मला फुटला होता. मी आणि बाईंनी शेपट्या पुसल्या, कुठल्या खोक्यात कोण ते बाईंनी कागदावर लिहून कागद खिशात घातला आणि स्टीलच्या टेबलावर बारा खोकी ओळीने मांडली. हवालदार आत आले. त्यांनी हात कोपरापर्यंत धुतले, पुसले आणि पहिल्या खोक्यात वरून सावकाश हात उतरवला. उंदीर दचकला, अंग चोरून कोपऱ्यात गेला, मग नाक पुढे करून वास घेऊ लागला. हवालदारांनी त्याच्या कानामागे बोट फिरवलं.

‘‘खालचा. एकवीस.’’

बाईंनी कागद काढून ताडून पाहिला. दुसऱ्या खोक्यात हात गेला. उंदीर जागचा हलला नाही. ‘‘वरचा,’’ हवालदार म्हणाले. मग त्याचा ओठ किंचित उचलून दात पाहिला. ‘‘नऊ.’’ तिसरा, चौथा, पाचवा. मी बाईंच्या खांद्यावरून कागद बघत होते. सगळे बरोबर. बरं, नुसता नंबर नाही, सोबत टिपण. हा लहानपणी बाटलीवर नाक आपटायचा. याच्या डाव्या कानाला चीर आहे. हा झोपेत पाय झाडतो. माझ्या पोहण्याच्या वहीत मीही अशा चार-दोन खुणा लिहिल्या होत्या, त्या तंतोतंत जुळत होत्या. बारापैकी बारा. मला आनंद झाला, आणि त्या आनंदात इतकी शरम मिसळलेली होती की टाळ्या वाजवायला उचललेले हात मी तसेच खाली घेतले.

पण बाईंनी भलताच प्रश्न विचारला. दरवेळी नंबराच्या आधी ते वरचा किंवा खालचा म्हणत होते, ते काय?

हवालदार हसले. हा त्यांचा आवडता विषय असावा. त्यांनी सांगितलं की चोवीस म्हाताऱ्यांपैकी बारा सगळ्यात वरच्या फळीवर राहतात आणि बारा सगळ्यात खालच्या. खालचे शेवटपर्यंत बुजरे. हाताची सावली पडली की अंग चोरतात. वरच्यांचं तसं नाही. ‘‘वरच्यांना माझी भीती उरलेली नाही, बाई. लहान असताना दचकायचे, पण वर्षभरात माणसाळतात. हात कितीही आत घाला, ढिम्म हलत नाहीत. ओळख पटते त्यांना.’’ हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की लेकराचं कौतुक सांगणाऱ्या बापाचाच म्हणावा.

बाईंनी माझ्याकडे हात पुढे केला. वही. मी वाचायला लागले. नऊ नंबर, वरचा, साठ सेकंद, चौकी सापडली नाही. एकवीस, खालचा, बारा सेकंद. सहा नंबर, वरचा, साठ सेकंद, नाही. वाचता वाचता माझा आवाज चढत गेला. वरचे सहाच्या सहा नापास. खालचे सहाच्या सहा पास. मग ज्यांचे मेंदू काढून झाले होते ते बारा. ते कुठल्या फळीवर होते हे हवालदारांच्या वहीत होतंच. वरचा, नापास. खालचा, पास. वरचा, नापास. चोवीसपैकी चोवीस. माझे विस्कटलेले शेंगदाणे दोन सरळ ढिगांत येऊन बसले. मला उडी मारावीशी वाटली आणि मी मारलीही, रबरी बुटांसकट.

बाई मात्र वर बघत होत्या. वरच्या फळीपासून हातभर अंतरावर ट्यूबलाइट जळत होती.

‘‘टाकी भरा,’’ त्या म्हणाल्या.

त्या दिवशी आम्ही जेवलो नाही. यावेळी पाणी स्वच्छ ठेवलं, चौकी पाण्याच्या वर आणली आणि तिच्यावर काळं निशाण लावलं. म्हणजे लक्षात ठेवण्यासारखं काही नाही, समोर दिसतंय, जाऊन बसा. एकवीस नंबर सोडला. सात सेकंदांत निशाणाखाली. दुसरा खालचा, आठ. मग नऊ नंबर, वरचा. तो पाण्यात पडला, काठाला लागला आणि मिशांनी भिंत चाचपत फिरत राहिला. निशाणाच्या वीतभर जवळून गेला, दोनदा. साठ सेकंद. नंतरचाही तसाच. सहाच्या सहा तसेच.

‘‘यांना दिसत नाही,’’ बाई म्हणाल्या.

पांढऱ्या उंदराच्या डोळ्यात रंग नसतो. उजेड अडवायला पडदा नाही. दोन वर्षं रोज बारा तास हातभरावर ट्यूबलाइट, म्हणजे डोळ्याचा आतला थर जळून जाणार. मग भिंतीवरची फुली आणि त्रिकोण त्यांनी कशाने बघायचे? त्यांची स्मरणशक्ती गेली असं मी लिहीत होते. स्मरणशक्तीची परीक्षा त्यांनी दिलीच नव्हती, फळा न दिसणाऱ्या मुलाला नापास करावं तसं मी त्यांना केलं होतं. मी बडबडत सुटले, एका दमात तीन प्रबंध सुचले मला. आणि मग माझी मलाच आठवण झाली. हीच निशाणाची चाचणी मी वर्षापूर्वी करायची होती. पुस्तकात तसं लिहिलेलं होतं. मी केलीही होती, नमुन्यादाखल चार उंदरांवर. चारही खालच्या फळीचे. वरचे काढायला स्टूल आणावं लागायचं. आणि शेरा मारला होता, दृष्टी उत्तम.

हे मी बाईंना तिथल्या तिथे सांगितलं. एकदा ‘होऊ शकते’ म्हणून बघितलं होतं, पुन्हा तसलं काही तोंडातून काढायची हिंमत नव्हती. बाईंनी एवढंच म्हटलं की पत्र निघणार नाही आणि माफी कुणाची मागायची ते मला कळत असेलच.

हवालदार टाकीजवळ टॉवेल घेऊन उभे होते. पाण्यातून निघालेला उंदीर पुसून कोरडा करायचं काम त्यांचं. नऊ नंबर केव्हाच कोरडा झाला होता तरी ते पुसत होते.

‘‘दिसत नाही म्हणजे कधीपासून?’’

बाई म्हणाल्या, वर्ष झालं असेल. जास्तही.

‘‘वर मीच ठेवले,’’ हवालदार म्हणाले. मग कुणी न विचारता सांगू लागले. जवान उंदीर रोज लागतात, ते हाताशी हवेत, म्हणून मधल्या फळ्यांवर. म्हातारे व्हायचे असतात त्यांना दोन वर्षं नुसतं राहायचं असतं, म्हणून ते वर. जागा पुरली नाही तर उरलेले सगळ्यात खाली. नियम कुणी घालून दिला नव्हता, सोयीने पडला. पहिल्या वर्षापासून. हे ऐकल्यावर बाई स्टुलावर बसल्या. बावीस वर्षांत त्या खोलीतून म्हातारपणावर पाच प्रबंध निघाले होते, त्यातला पहिला त्यांचा होता. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. मग उठून म्हणाल्या की सगळं पुन्हा करायचं. दोन वर्षं लागतील. म्हातारपणाला घाई करता येत नाही. एरवी मी आकांडतांडव केलं असतं. त्या दिवशी मला ती दोन वर्षं उद्यापासून नको, आत्तापासून हवी होती.

शनिवारी हजेरी झाली, शेपट्या रंगवल्या गेल्या, पण हवालदार कुणाशी बोलले नाहीत. म्हणून रविवारी मी त्यांच्या घरी गेले. संस्थेच्या बॉयलरच्या मागे कर्मचाऱ्यांची दोन-दोन खोल्यांची घरं होती. दाराबाहेर एक वेगळा खिळा, त्यावर त्यांचे कामाचे कपडे. काकूंचा दंडक असा की उंदरांचा वास उंबऱ्याच्या आत यायचा नाही. काकू शिवणकाम करायच्या. पुढची खोली म्हणजे मशीन, कापडाचे गठ्ठे आणि उरलेल्या जागेत हवालदार. मी माफी मागितली. दोन दिवस घोकलेलं भाषण होतं, ते पहिल्या वाक्याला अडकलं. त्यांनी हातानेच जाऊ द्या म्हटलं. त्यांचं दुखणं वेगळंच होतं.

‘‘नंबराचं काही नाही हो, ताई. नंबर बरोबरच होते. पण मला वाटायचं, ओळखतात. हात बघून घाबरत नाहीत म्हणजे आपला माणूस समजतात. बावीस वर्षं मी हे लोकांना सांगितलंय.’’ त्यांनी आपला पंजा उलटसुलट करून पाहिला. ‘‘हात दिसतच नव्हता त्यांना.’’

  मशीन चालता चालता थांबलं.

‘‘अहो, मी पण घरात गप्पच असते,’’ काकू म्हणाल्या. ‘‘त्याचा अर्थ काय लावलात ते कळू दे एकदा.’’

हवालदारांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मिशांतून हसू फुटलं ते आवरेचना. मीही हसले. काकू हसल्या नाहीत, त्यांनी सुईत दोरा ओवला आणि मला विचारलं की ट्यूबलाइट काढून टाकता येत नाही का. म्हटलं, नाही, दिवसरात्र कळायला उजेड लागतो. मग फळीच्या वर आडोसा करा, त्या म्हणाल्या. शिवणकाम करणाऱ्या काकूंना सुचलं ते, आणि आम्ही दोघी शिकलेल्या. दोघी म्हणजे मी आणि बाई. त्यांनी तिथेच कपाटाच्या वरून जाड काळं मेणकापड काढलं आणि रॅकचं माप विचारलं. हवालदारांना सहाही रॅकची मापं तोंडपाठ होती.

पुढच्या दोन वर्षांत होते एवढी खूश मी आयुष्यात कधी नव्हते. सहाही रॅकना वर काळी छपरं चढली, कडेने दुमड घालून शिवलेली, धुवायला काढता येतील अशी. बाईंनी उजेड मोजायचं यंत्र आणलं, हवालदारांनी ते गळ्यात अडकवलं आणि प्रत्येक फळीवरचा आकडा वहीत चढू लागला. दर सोमवारी बदल्या. वरचे खाली, खालचे मध्ये, मधले वर, कुणाचा वशिला नाही. बदलीचा हुकूम ते मोठ्याने वाचून दाखवायचे आणि उंदीर तो शांतपणे ऐकून घ्यायचे. सशांच्या माणसाने यावर बरेच विनोद केले, मग तीन महिन्यांनी काकूंकडे सशांच्या मापाची छपरं शिवायला टाकली. बाईंनी आपल्या जुन्या प्रबंधाबद्दल जाहीर पत्र लिहिलं, त्यात काय चुकलं ते सरळ सांगितलं. मला वाटलं होतं लोक हसतील. चार ठिकाणांहून उलट पत्रं आली, आमच्याकडेही वरची फळी आहे.

निकाल आधीच सांगून टाकते, मला दम धरवत नाही. रेघ आली. वयाबरोबर डोपामिन उतरतंच, ॲसिटिलकोलिन उतरतंच, आणि ज्याचं जास्त उतरतं तो चौकी शोधायला जास्त वेळ घेतो. पण आमच्या पाच प्रबंधांत म्हातारे जेवढे ढ ठरले होते त्याच्या निम्मेही ते नव्हते. उतार होता, कडा नव्हता. परीक्षकांनी मला तासभर पिदडलं आणि शेवटी उठून हात मिळवला. ते सगळं झालंच.

मला सांगायची आहे ती त्या आधीची एक सकाळ. चोवीस उंदरांच्या नव्या तुकडीला चोवीस महिने पूर्ण झाले तो दिवस. पोहण्याची परीक्षा दुपारी होती. मी रात्रभराची अधीर, सातच्या आधीच पोचले, तर हवालदार खोलीच्या दारात उभे. झगा, टोपी, मास्क सगळं चढवलेलं, पण आत जात नव्हते. ट्यूबलाइट लागल्या तरी गेले नाहीत. मी विचारलं काय झालं. ते म्हणाले, हजेरीला रोज पिंजरा पुढे ओढून झाकण उचलतो, शेपटी बघतो, पण वरून हात घालायचं दोन वर्षं टाळलंय. धरायचा झाला तर बाजूने, चाहूल देऊन. आज घालावा म्हणतो. तुम्ही पुढे उभ्या राहा आणि बघून सांगा, माझ्याच्याने बघवणार नाही.

आम्ही पहिल्या रॅकपाशी गेलो. त्या आठवड्यात वरच्या फळीवर असलेला पहिला पिंजरा त्यांनी पुढे ओढला. आत दोन आजोबा, अंगावरचे केस पिवळट पडलेले, पाठी रुंदावलेल्या. हवालदारांनी झाकण काढलं, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि हात वरून, अजिबात आवाज न करता, खाली न्यायला सुरुवात केली. हात अजून वीतभर वर होता. दोन्ही उंदीर एकदम दचकले, भुसा उडवत मागे सरले आणि कोपऱ्यात अंग चोरून एकमेकांना चिकटले.

मी सांगायच्या आत त्यांना भुशाची खसखस ऐकू गेली होती. ते वळले.

‘‘घाबरले?’’

‘‘घाबरले, काका.’’

‘‘मला बघून?’’

‘‘तुम्हालाच बघून.’’

त्यांनी मास्क खाली ओढला. डोळ्यांतून सरळ पाणी चाललं होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. पुढचा पिंजरा ओढला, हात घातला, उंदीर पळाले. त्याच्या पुढचा. पळाले. आता ते भिंतीकडे बघत नव्हते, डोळे फाडून आत बघत होते आणि प्रत्येक उंदराच्या पळण्यावर नंबर घेऊन शाबास म्हणत होते. मी मागोमाग टिपणं घेत धावत होते आणि माझं अक्षर मला लागत नव्हतं. शेवटचा पिंजरा आत ढकलून झाल्यावर ते बाहेरच्या फोनपाशी गेले आणि घरी फोन लावून काकूंना सांगितलं की चोवीसच्या चोवीस आपल्याला घाबरतात.